टांकसाळीचा आकडा, सराफाचा काटा

सौसरजवळच्या जामसांवलीच्या हनुमानाच्या दर्शनाला मंगळवार-शनिवारी पार नागपूरपासून माणसं येतात. पिंपळाखाली पहुडलेली मूर्ती आणि तिच्या नाभीतून झिरपणारं पाणी ही इथली ख्याती. आपल्याकडच्या अशाच देवस्थानांच्या वाटेवर, आठवडी बाजारात, जुन्या वस्तूंच्या पथारीवर एक नाणं बरेचदा दिसतं. एका बाजूला हनुमान किंवा रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं इंग्रजी नाव आणि १८१८ सारखं साल. विकणारा कानाशी लागून सांगतो, ‘मुंबईत याचे लाखो मिळतात.’

कंपनीने हनुमानाचं नाणं कधी पाडलंच नाही. तिच्या १८३५च्या खऱ्या अर्ध्या आण्यावर तिचं स्वतःचं राजचिन्ह आहे. हनुमान छापाचे हे तुकडे म्हणजे देवघरात ठेवायच्या रामटंक्याची अलीकडची नक्कल. पूजेत ठेवा, कुणाची हरकत नाही. पण हेच चमत्कारी ‘तांदूळ ओढणारं नाणं’ असल्याची भुरळ घालून लाखोंनी लुबाडणाऱ्या टोळ्या देशभर पकडल्या गेल्या आहेत.

खोट्या नाण्याचा निकाल असा एका परिच्छेदात लागतो. अडचण खऱ्या नाण्याची आहे. सरकारी टांकसाळ, शुद्ध सोनं किंवा चांदी, मखमली डबी, प्रमाणपत्र, सगळं अस्सल असतं आणि तरीही घेणाऱ्याचा हिशेब चुकतो. नवं स्मारक नाणं येणार अशी बातमी फुटली की संग्राहकांत दोनच प्रश्न फिरतात: भाव काय लागेल, आणि किती पाडतील? पहिल्याचं उत्तर जवळपास काढता येतं. दुसऱ्यावर मात्र जो तो सट्टा लावतो.

आधी भाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते सरकारी टांकसाळींच्या महामंडळाची काही नाणी विक्रीला आली. त्यात रामलल्ला आणि अयोध्येच्या मंदिराचं ५० ग्रॅम शुद्ध चांदीचं रंगीत नाणं होतं. किंमत ५,८६० रुपये. तेव्हा चांदी किलोला ७० ते ७५ हजारांच्या घरात होती, म्हणजे नाण्यातली चांदी साधारण साडेतीन-पावणेचार हजारांची. वरचे दोन हजारांहून जास्त रुपये घडणावळ, रंगकाम, डबी, कर आणि टांकसाळीच्या शिक्क्याचे. ज्याने ते त्याच आठवड्यात सराफाकडे मोडायला नेलं असतं त्याला हे वरचे पैसे दिसलेच नसते. पुढे २०२५च्या ऑक्टोबरात चांदीने किलोला दीड लाखाची पातळी ओलांडली आणि त्याच नाण्यातली नुसती चांदी साडेसात हजारांच्या पुढे गेली. आता मालक खूश. पण त्याला नफा दिला तो चांदीने. शेजाऱ्याने त्याच दिवशी ५० ग्रॅमची साधी वीट घेतली असती तर तो याच्यापेक्षा जास्त खूश असता, कारण त्याने वरचे दोन हजार दिलेच नसते.

स्मारक नाण्यांच्या गप्पांत नेमका हा घोळ होतो. धातू चढला की नाणं ‘चढलं’ म्हणतात.

सोन्याच्या बाबतीत हा घोळ आणखी महाग पडतो. अमेरिकेची टांकसाळ सोन्याच्या संग्राह्य नाण्यांचे भाव एका तक्त्यावरून ठरवते. लंडनच्या सोनेबाजाराची आठवड्याची सरासरी काढायची, ती तक्त्याच्या ज्या टप्प्यात पडेल ती किंमत बुधवारी लावायची. तक्ता सगळ्यांसमोर असतो. त्यामुळे मुरलेले संग्राहक मंगळवारीच गणित करतात. उद्या टप्पा चढणार असेल तर आज रात्री मागणी नोंदवायची, उतरणार असेल तर एक दिवस दम धरायचा. आपला सौसर-पांढुर्ण्याचा शेतकरी कापूस कधी मोडायचा याचा जो विचार करतो, तोच हा. यात चलाखी आहे, पण जुगार नाही.

जुगार सुरू होतो तो संख्येवर. २०१४ मध्ये अमेरिकेने केनेडींच्या अर्ध्या डॉलरची पन्नाशी म्हणून पाऊण औंस सोन्याचं नाणं काढलं. पहिला भाव १,२४० डॉलर. सोनं तेव्हा औंसाला १,३०० डॉलरच्या आसपास, म्हणजे आतलं सोनं सुमारे ९७५ डॉलरचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिकागोजवळच्या नाणे प्रदर्शनात रोज ठराविकच नाणी विकायची असं ठरलं. मग जे व्हायचं तेच झालं. व्यापाऱ्यांनी पैसे देऊन माणसं रांगेत बसवली. ज्यांना केनेडी कोण हेही धड ठाऊक नसावं अशी माणसं फुटपाथवर रात्र काढून सकाळी नाणं घेत आणि तिथल्या तिथे व्यापाऱ्याच्या हवाली करत. पहिल्या दिवशी पहिल्या ग्राहकाने घेतलेलं नाणं पुढे एक लाख डॉलरला विकलं गेल्याची बातमी आली. धक्काबुक्की वाढली तशी टांकसाळीने तिसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, सुरक्षेचं कारण देऊन तिथली विक्री थांबवली.

या सगळ्या धुमाळीत एक बारीक अक्षरातली गोष्ट बहुतेकांनी वाचलीच नव्हती. त्या नाण्याला संख्येची मर्यादाच नव्हती. जेवढी मागणी येईल तेवढी नाणी पाडायची, असं टांकसाळीने आधीच सांगितलं होतं. शेवटी ७० हजारांहून जास्त नाणी विकली गेली. रांगेत टंचाई होती ती प्रदर्शनाच्या टेबलावरची, नाण्याची नव्हे. २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलर ओलांडले, तेव्हा त्या नाण्यातलं सोनंच ३,००० डॉलरच्या पुढे गेलं. इथेही घेणाऱ्याला तारलं ते सोन्यानेच.

याच्या अगदी उलट टोकाला २०२० चं नाणं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला ७५ वर्षं झाली म्हणून एक औंसाच्या सोन्याच्या गरुड-नाण्यावर बारीक खूण उमटवली आणि संख्या ठेवली बरोबर १,९४५. भाव २,६०० डॉलर. नोव्हेंबरात विक्री उघडली आणि काही मिनिटांत संपली. हीच नाणी पुढे दहा हजार डॉलरच्या वर गेली. इथे टंचाई खरी होती. फक्त ती टांकसाळीने मुद्दाम घडवलेली होती आणि तिचा फायदा ज्यांचं संगणकाचं बटण आधी दाबलं गेलं त्यांना झाला. २०२४ मध्ये टांकसाळीनेच यातून धडा घेतला. जुन्या डॉलरच्या २३० वर्षांनिमित्त २३० सोन्याची नाणी तिने थेट लिलावात काढली, आणि त्यातलं पहिल्या क्रमांकाचं नाणं ४,४०,००० डॉलरला गेलं. मधल्या दलालाला मिळायचा तो मलिदा या वेळी टांकसाळीने स्वतःच खाल्ला.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत बोलकं उदाहरण १९९७ चं आहे. बेसबॉलच्या मोठ्या संघांत आधुनिक काळात गोऱ्यांच्या रांगेत शिरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन, त्याच्या स्मरणार्थ पाच डॉलरचं सोन्याचं नाणं काढलं. कायद्याने एक लाख नाण्यांची मुभा दिली होती. आत जेमतेम पाव औंस सोनं, सोनं तेव्हा मंदीत, आणि किंमत धातूच्या दुपटीहून जास्त. संग्राहक आधीच्या वर्षांतल्या स्मारक नाण्यांच्या भडिमाराने कंटाळलेले. त्यांनी नाक मुरडलं. साध्या झळाळीच्या प्रकारातली अवघी ५,१७४ नाणी खपली. कुणी रांग लावली नाही, कुणी साठा केला नाही. म्हणूनच ते नाणं पुढे काही हजार डॉलरला जाऊन पोहोचलं. नंतर त्याचाही भाव उतरला, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे प्रमाणपत्रावर छापलेली कमाल संख्या ही टंचाई नव्हे. जे नाणं सगळ्यांनी ‘पुढे चढेल’ म्हणून जपून ठेवलं, ते पुढे सगळ्यांकडे असतं. सगळ्यांकडे चकचकीत अवस्थेत, डबीसकट असतं. विकायची वेळ आली की सगळे एकदम बाजारात उतरतात आणि घेणारा कोपऱ्यातल्या एखाद्या डागावरून घासाघीस करतो.

आपल्याकडची रीत वेगळी आहे, म्हणून इथला सट्टाही वेगळ्या जातीचा. स्वतंत्र भारतातली स्मारक नाणी १९६४ मध्ये नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली आणि ती परंपरा तांबं-निकेलची, चांदीची राहिली. २०११च्या नाणे कायद्यानुसार सरकार जास्तीत जास्त १,००० रुपये दर्शनी किमतीचं नाणं काढू शकतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये अशोकचक्र आणि गांधीजींचं चित्र असलेलं ‘इंडियन गोल्ड कॉइन’ पाच आणि दहा ग्रॅममध्ये आलं, पण त्यावर रुपयांचा आकडा नाही. ते हॉलमार्कचं शुद्ध सोनं, एवढंच. स्मारक नाण्यांसाठी टांकसाळ बहुतेक वेळा ठराविक मुदतीची नोंदणी उघडते आणि आलेल्या मागणीनुसार माल पुरवते. संख्येला आधीच कुलूप लावून बाजाराला चिथावण्याची अमेरिकी पद्धत इथे रुजलेली नाही. आकडा जाहीर नसतो, म्हणून अफवा जोरात असते. ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी अहिल्याबाई होळकरांच्या त्रिशताब्दीचं ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित केलं. मध्य प्रदेशातल्या मराठी घरांना त्याचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. पण ३०० हा आकडा जयंतीचा, नाण्याच्या भावाचा नव्हे, आणि ते सुट्या पैशांत फिरायला काढलेलंही नाही.

आपल्या भागात सोन्याचं नाणं म्हटलं की आठवते ती गिन्नी. सात ग्रॅम ९८ सेंटिग्रॅम वजन, २२ कॅरट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. एप्रिल २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला एक लाखावर पोहोचलं, तेव्हा एका गिन्नीतल्या शुद्ध सोन्याचेच ७३ हजार झाले. संत्र्याचा बगीचा बरा गेला, कापसाचे पैसे हातात आले की लेकीच्या लग्नासाठी गिन्नी घेऊन ठेवायची, ही इथली जुनी सवय. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतही मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्यांची नक्कलच गुंफलेली असते. दागिन्यात गेलेल्या नाण्याची संख्या कुणी विचारली नाही.

आणि तरी घराघरांतल्या गिन्न्यांत एक खरंच वेगळी असू शकते. पहिल्या महायुद्धात लंडनहून सोन्याची ने-आण धोक्याची झाली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत गिन्नी पाडली गेली. सालाच्या वर, नाण्याच्या मागच्या बाजूला घोड्याच्या टापांखालच्या जमिनीवर, बारीक इंग्रजी ‘आय’ अक्षर असतं. भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. अशा सुमारे १३ लाख निघाल्या. त्याच वर्षी तिथेच तेवढ्याच वजनाची १५ रुपयांची सोन्याची मोहर निघाली, सुमारे २१ लाख. मोहर आणि गिन्नी दोन्ही चलनासाठी निघाल्या, स्मारक म्हणून नव्हे. कुणी डबीत जपल्या नाहीत, बऱ्याचशा आटल्या. १३ लाख हा आकडा ऐकून कुणी ‘दुर्मिळ’ म्हणणार नाही, पण चांगल्या स्थितीतलं नाणं आज हुडकावं लागतं. त्यांना आता शंभर वर्षं उलटून गेली, म्हणजे १९७२च्या पुरावस्तू कायद्यात त्या बसतात आणि परदेशी नेता येत नाहीत.

भिंग घेऊन सगळ्या गिन्न्या तपासा. मात्र सराफाकडून फार आशा ठेवू नका. सौसर असो की नागपूरची इतवारी, तुम्ही टांकसाळीची डबी उघडून काउंटरवर ठेवलीत की तो प्रमाणपत्र आदराने बाजूला सरकवतो, नाणं चिमटीत धरून काट्यावर टाकतो आणि म्हणतो, “शिक्का मस्त आहे काकाजी, पण आपल्याकडे पैसे वजनाचेच.” तो लबाडी करत नाही. त्याचा धंदा सोन्याचा आहे, संग्रहाचा नाही. संग्रहाचा भाव हवा असेल तर नाणं लिलावगृहाकडे किंवा नाणे प्रदर्शनात न्यावं लागतं, आणि तिथेही घेणारा भेटेपर्यंत थांबायची तयारी लागते. घेतलेल्या किमतीचं बिल आणि मूळ डबी जपलेली असली तर तेवढी मदत होते.

एक सूचना. भारत सरकारचं नाणं वितळवणं, तोडणं हा २०११च्या कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. चांदीच्या स्मारक नाण्यालाही तो लागू होतो. ‘आटवून पैसे करू’ हा विचार मनात आणू नये.

नवं नाणं घ्यायचं असेल तर टांकसाळीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि घेण्याआधी वजन गुणिले त्या दिवसाचा भाव एवढा गुणाकार करा. जो फरक उरेल तो हौसेचा खर्च समजा. हौस असेल तर तो खुशाल करावा. २०१२ ची वैष्णोदेवीची पाच-दहा रुपयांची नाणी लाखात विकली जातात म्हणून कुणाचा फोन आला तर लक्षात ठेवा, ती चलनातली नाणी आहेत आणि ढिगाने निघालेली आहेत. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलंही कमिशन किंवा शुल्क मागत नाही. तिच्या नावाने कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका, आणि दिले गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा.