दावा साताऱ्यात लावायचा की सांगलीत?

समजा, तुम्ही साताऱ्यात बसून सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याला ऑर्डर घेणारं ॲप बनवून दिलंत. सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं, काम झालं, आणि पैसे अडकले. आता कोर्टात जायचं तर कुठल्या? मी साताऱ्याचा, म्हणजे साताऱ्यातच, असं आपल्याला वाटतं. इथंच घोळ होतो.

खरं कोण बोलतंय हे कोर्ट नंतर बघतं. त्याआधीचा प्रश्न असतो, हे प्रकरण माझ्या हद्दीतलं आहे का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे, ज्याच्यावर दावा आहे तो जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं दावा लावता येतो. नाहीतर वादाचं कारण पूर्ण किंवा थोडंफार जिथं घडलं तिथं. दावा लावणाऱ्याचं घर या यादीत नाहीच! म्हणजे सांगली नक्की चालेल. साताऱ्यासाठी मात्र करार इथं झाला, किंवा पैसे इथं द्यायचे ठरले होते, असं काहीतरी दाखवावं लागेल. नाही दाखवता आलं, तर योग्य कोर्टात न्या म्हणून दावा परत दिला जातो. तुम्ही हरलात असं नाही, पण गेलेले महिने परत येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, त्याची वेबसाइट तर साताऱ्यातही उघडते. हा युक्तिवाद होऊन गेलाय. सिंगापूरच्या बनियन ट्री कंपनीनं हैदराबादच्या एका प्रकल्पाच्या नावावरून दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. दोघांपैकी दिल्लीचं कोणीच नाही. २००९ मध्ये न्या. अजित प्रकाश शहा (मूळचे आपल्या सोलापूरचे) आणि न्या. मुरलीधर यांनी सांगितलं की साइट नुसती दिसते एवढं पुरत नाही. तिथल्या ग्राहकांशी व्यवहार करायचा समोरच्याचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. मुद्दाम एक ऑर्डर टाकून पुरावा तयार केला, तर तोही चालत नाही.

तुम्ही स्वतःसाठी ऑनलाइन मोबाईल घेतला आणि तो बिघडका निघाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही ग्राहक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नं तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करायची सोय दिलीय. सांगलीकरानं सांगलीत करावी, कंपनी बंगळुरूची का असेना. मुदत दोन वर्षांची आहे, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या टाकता येते. ॲपवाल्या तुम्हाला मात्र ही वाट नाही. तुम्ही काम विकलंय, विकत घेतलेलं नाही. तेव्हा पुढच्या कामाला हात लावण्याआधी पैसे कुठं द्यायचे, ते चॅटमध्ये लिहून घ्या.