मागे खेळणारा गडी : भोपाळचे अस्लम शेर खाँ



खेळाच्या तासाला गडी वाटून घेताना प्रत्येकाला पुढे खेळायचे असते. "मागे कोण राहणार?" असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. कबड्डीत निदान पकड करणाऱ्यालाही गुण मिळतो. हॉकीत तसे नाही. दहा वेळा गोल वाचवला तरी गुणफलकावर शून्यच दिसते आणि एकदा चूक झाली की ती मात्र सर्वांना दिसते. म्हणून या अंकात आम्ही आपल्याच शहरातील एका बचावपटूची ओळख करून देत आहोत. त्यांचे नाव अस्लम शेर खाँ.

आपल्या हबीबगंजच्या स्थानकाचे नाव २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बदलून राणी कमलापती झाले. तिकडून जुन्या शहराच्या बाजूला गेले की ऐशबागचे हॉकी मैदान आहे. भोपाळला हॉकीची मोठी परंपरा आहे. नवाबी काळापासून येथे हॉकी खेळली जाते आणि ओबेदुल्ला खाँ सुवर्णचषक स्पर्धेचे नाव तर देशभर माहीत आहे. याच शहरात १९५३ साली अस्लम यांचा जन्म झाला.

हॉकी त्यांच्या घरातच होती. त्यांचे वडील अहमद शेर खाँ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. त्या संघाचे कर्णधार मेजर ध्यानचंद. अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. आपल्या मराठी वाचकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच संघात पुण्याचे बाबू निमल हाफबॅक म्हणून खेळले होते. म्हणजे भोपाळ आणि पुणे ही दोन्ही गावे त्या सुवर्णपदकात सहभागी आहेत.

अस्लम फुलबॅक होते. त्या काळी संघाची रचना साधारण अशी असे : पुढे पाच, मधे तीन हाफबॅक, त्यांच्या मागे दोन फुलबॅक आणि शेवटी गोलरक्षक. फुलबॅकच्या मागे फक्त गोलरक्षक उरतो. त्यामुळे त्याला चेंडूमागे धावत सुटून चालत नाही. समोरचा खेळाडू चेंडू कोणीकडे नेणार हे आधी ओळखायचे, त्याला कडेला रेटायचे आणि चेंडू मिळताच जोरकस फटक्याने दूर घालवायचा, हे त्याचे काम. असा दणकट फटका अंगवळणी पडलेला असल्यामुळे पेनल्टी कॉर्नर घेण्याची जबाबदारीही पुष्कळदा फुलबॅककडेच येई. पेनल्टी कॉर्नरमध्ये एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू बाहेर सारतो, दुसरा तो थांबवतो आणि तिसरा गोलवर फटका मारतो. तिघांपैकी एक जरी चुकला तरी संधी वाया जाते.

आता १९७५ च्या विश्वचषकाकडे वळू. ही स्पर्धा मलेशियात क्वालालंपूरला झाली. त्याआधी १९७१ मध्ये भारत तिसरा आला होता आणि १९७३ मध्ये अंतिम सामन्यात नेदरलँड्सकडून हरला होता. दोनदा हुकलेला चषक या वेळी तरी मिळावा, अशी साऱ्या देशाची इच्छा होती. अजितपाल सिंग कर्णधार होते आणि व्यवस्थापक होते तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी बलबीर सिंग (सीनियर).

उपांत्य सामन्यात यजमान मलेशियाशी गाठ पडली. मैदान त्यांच्याच प्रेक्षकांनी भरलेले. सामना तेव्हा ७० मिनिटांचा असे. शेवटची पाचेक मिनिटे उरली तेव्हा भारत १-२ असा मागे होता. अस्लम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होते. त्या वेळी मायकेल किंडो यांच्या जागी त्यांना मैदानात पाठवण्यात आले. भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बावीस वर्षेही पूर्ण न झालेल्या या खेळाडूने गळ्यातल्या तावीजाचे चुंबन घेतले आणि फटका मारला. चेंडू गोलमध्ये! सामना बरोबरीत आला. जादा वेळेत हरचरण सिंग यांनी गोल करून ३-२ असा विजय मिळवून दिला.

पुढे १५ मार्च १९७५ रोजी अंतिम सामन्यात पाकिस्तानने आधी गोल केला. सुरजित सिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. तेही फुलबॅकच! मग ध्यानचंद यांचे पुत्र अशोक कुमार यांनी विजयी गोल केला. २०२३ पर्यंत पुरुषांचे पंधरा विश्वचषक झाले, त्यांत भारताने जिंकलेला हा एकमेव.

या गोष्टीत आम्हाला मोठा वाटतो तो केवळ तावीज किंवा नशीब नव्हे. बाकावर बसलेल्या खेळाडूचे अंग थंड पडते, मन उदास होते. असे असूनही बोलावणे आल्यावर पहिल्याच मोठ्या संधीला त्याचा हात कापला नाही. असा फटका ऐनवेळी सुचत नसतो. तो रोजच्या सरावातून हातात उतरलेला असावा लागतो.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या संघातही अस्लम होते. ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली ती येथे. तिच्यावर चेंडू फार वेगाने जातो आणि उड्या मारत नाही. आपले खेळाडू गवतावर आणि मातीवर तयार झालेले. भारत सातवा आला. तशी मैदाने महाग होती आणि आपल्याकडे ती यायला वेळ लागला. याचा फटका भोपाळसारख्या गावांना विशेष बसला, कारण येथे मुले मोकळ्या मैदानावरच काठी धरायला शिकत होती.

अस्लम यांनी नंतर हॉकीविषयी एक परखड आत्मचरित्र लिहिले. पुढे ते राजकारणात गेले आणि १९८४ व १९९१ मध्ये बैतूलमधून लोकसभेवर निवडून आले. मुलताईकडच्या आपल्या मराठी कुटुंबांचा मतदारसंघ तो हाच.

मित्रहो, १९७५ चा अंतिम सामना घरोघरी रेडिओवर ऐकला गेला होता. आपल्या आजीआजोबांना त्या दिवसाविषयी जरूर विचारा आणि त्यांनी सांगितलेले दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक आठवणी आम्ही पुढील अंकात छापू. आणि हो, शाळेच्या सामन्यांत गोल किती झाले याबरोबरच गोल कोणी किती अडवले, हेही या वर्षीपासून वहीत टिपायला लागू या.