न ऐकू येणारा सूर

चेंबूर नाक्यावरून माहूलकडे निघाले की हातात बिनतारी बोलका संच घेतलेली माणसे जागोजाग भेटतात. गृहसंस्थांचे पहारेकरी, बांधकामावरचे मुकादम, गणेशोत्सवातील स्वयंसेवक, कारखान्यांतील कामगार, कितीतरी जणांचा व्यवहार या संचांवर चालतो. त्यातील एका लहानशा सोयीविषयी आम्ही येथे सांगणार आहोत. ती नीट न समजल्याने नको ते ऐकू आले तर एक वेळ चालते. हवे ते ऐकू आले नाही तर मात्र अनर्थ होतो.

भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अल्पशक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. पण १२.५ किलोहर्ट्झची एकेक वाट धरली तर येथे वाटा निघतात सोळाच! मग दाट वस्तीत शेजारच्या इमारतीतले बोलणे आपल्या फाटकावर ऐकू येणारच.

यावरचा उपाय म्हणजे सूर-कुलूप. साधा संच कोणतीही पुरेशी जोरकस लहर आली की ध्वनिक्षेपक उघडतो. सूर-कुलूप लावलेला संच त्या लहरीत ठरलेला सूर आहे की नाही हे आधी पाहतो. बोलणाराचा संच आवाजाखाली ६७ पासून सुमारे २५४ हर्ट्झपर्यंतचा एक अखंड मंद सूर मिसळून देतो. याला ‘अश्राव्य’ म्हणण्याची चाल आहे, पण तो शब्द काटेकोर नव्हे. माणसाचा कान २० हर्ट्झपासून ऐकतो. शंभराचा सूर म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या आसपासचा. तो ऐकू येत नाही याचे कारण एवढेच की, घेणारा संच ३०० हर्ट्झखालचे सारे गाळून मगच आवाज बाहेर सोडतो. बोलणे कळण्यास लागणारा भाग त्याच्या वर असल्याने आपले काही बिघडत नाही.

हे कुलूप लावले की आपले बोलणे खाजगी झाले, असा समज फार पसरला आहे. तो साफ चुकीचा. दुसऱ्याने आपल्या संचाचे कुलूप काढले की त्याला आपले अक्षर न् अक्षर ऐकू येते. कुलूप आपल्या कानाला असते, तोंडाला नव्हे. शिवाय वाट एकच राहते. दोन गट निरनिराळ्या सुरांवर एकाच वेळी बोलू लागले तर जोरकस लहर दुबळीला दाबून टाकते, आणि दाबल्या गेलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून बोलण्यापूर्वी ऐकण्याची कळ दाबून वाट मोकळी आहे ना, हे पाहावे.

सूर जुळवताना क्रमांकावर विसंबू नये, हर्ट्झ पाहावे. काही संचांच्या यादीत ६९.३ चा सूर असतो, काहींत नसतो, त्यामुळे ८८.५ हा एकाचा आठवा, तर दुसऱ्याचा नववा ठरतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्या गुणगुणीत शंभराचा सूर असतो, तेव्हा १००.० टाळलेला बरा. सूर ओळखायला संचाला पाव सेकंदापर्यंत वेळ लागतो. कळ दाबून क्षणभर थांबले नाही तर ‘आग लागली’ यातील ‘आग’च गळून जायची.

८ ऑगस्ट २०१८ रोजी माहूलच्या भारत पेट्रोलियमच्या शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. अशा शेजारात राहणाऱ्यांनी ही गोष्ट हलकी मानू नये. (ज्वालाग्राही वायूच्या जागी ठिणगी न पडणारे, प्रमाणित संचच न्यावे लागतात, हा विषय वेगळा.) संचात पाठवण्याचा आणि घेण्याचा सूर वेगवेगळा ठरवता येतो. आमच्या मते पाठवण्याचा सूर सर्व संचांवर ठेवावा. पण मुख्य फाटकावरच्या एका संचावर घेण्याचे कुलूप काढून टाकावे. त्या पहारेकऱ्याला शेजाऱ्यांची बडबड दिवसभर सोसावी लागेल हे खरे. पण घाईत कोणाचा सूर चुकून बदलला असला, तरी त्याची हाक तेवढ्या एका संचावर पोहोचेल.