उजेडाच्या बैठकीत मोठा टीव्ही

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत ५०,००० रुपये असलेला जो संच पूर्वी ६४,००० रुपयांना पडे, तो आता ५९,००० रुपयांत येतो. साहजिकच अनेक घरांत मोठ्या टीव्हीचा विषय निघू लागला आहे. किंमत, आकार आणि कंपनी यांची चर्चा भरपूर होते. पण तो संच ज्या खोलीत लागणार, त्या खोलीतील उजेडाचा विचार क्वचितच होतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावात हा विचार टाळून चालत नाही. पुढे दुकान, मागे किंवा वर राहते घर आणि मोकळ्या अंगणाकडे उघडणारी बैठक, अशी व्यापारी कुटुंबाच्या घराची रचना डोळ्यांसमोर आणावी. विदर्भाचे ऊन या बैठकीत दिवसभर असते. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरात तर सगळे कुटुंब एकत्र बसते ते नेमके पश्चिमेचे ऊन आत आलेले असताना. त्याच बैठकीत दुपारी घरातील वडीलधारी मंडळी खिडकीशेजारी बसून स्वाध्यायाचे पुस्तक वाचतात. त्यामुळे टीव्ही निवडणे म्हणजे खोलीतील उजेडाची वाटणी ठरवणेही असते.

आधी ऊन ओळखावे

ढाणकी सुमारे १९.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरअखेर तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येते ते हिवाळ्यात. उन्हाळ्यात साधे छज्जेही ते अडवतात. पश्चिमेच्या खिडकीचे तसे नाही. तिसऱ्या प्रहरानंतर सूर्य इतका खाली आलेला असतो की छज्जाचा उपयोग होत नाही. उत्तरेचा उजेड बहुतांश वर्ष सौम्य व स्थिर असतो.

जागा ठरवण्याचा सोपा उपाय असा: जेथे टीव्ही लावायचा, त्याच उंचीवर एक आरसा टांगावा आणि नेहमीच्या बसण्याच्या जागेवरून सकाळी, दुपारी व सायंकाळी त्यात पाहावे. आरशात खिडकी दिसली, तर ती पडद्यावरही दिसणार. खिडकीच्या समोरची भिंत म्हणूनच सर्वांत गैरसोयीची. खिडकीला लागूनच टीव्ही लावला तर पडद्यावर प्रतिबिंब पडत नाही, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर झळ येते. खिडकी बाजूला राहील, अशा काटकोनातील भिंत बहुधा उत्तम ठरते.

परावर्तनाचा हिशेब

पडद्याची तेजस्विता ‘निट’ या एककात मोजतात. स्वस्त मोठे संच साधारण २५० ते ३५० निट्सचे, मधल्या किमतीचे ५०० ते ७०० निट्सचे आणि चांगले ‘मिनी एलईडी’ संच १,००० निट्सच्या पुढे जातात. आता समोरची बाजू पाहावी. अंगणातील चुना लावलेल्या भिंतीवर कडक ऊन पडले की तिची तेजस्विता सुमारे २०,००० निट्स होते. साधी गुळगुळीत काच त्यातील सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते, म्हणजे ८०० निट्स. ३०० निट्सच्या चित्रावर ८०० निट्सचे प्रतिबिंब आले, तर चित्र बुडणारच. कंपनी कोणतीही असो.

त्याच खिडकीला पडदा लावून खोलीतून दिसणारी तेजस्विता २०० निट्सवर आणली, तर प्रतिबिंब केवळ ८ निट्सचे उरते. म्हणजे काही हजार रुपयांचे पडदे किंवा बाहेरून बांधलेली बांबूची चटई जे काम करतात, ते अधिक तेजस्वी टीव्हीवर आणखी चाळीस हजार खर्चूनही होत नाही. चटई बाहेरून लावण्यात आणखी एक लाभ असा की उष्णता काचेच्या आत येण्याआधीच अडते.

कोणता पडदा घ्यावा

‘ओएलईडी’ पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग अप्रतिम दिसतो. उजेडात मात्र त्या काळ्यावर खोलीचा प्रकाश पडतो आणि जास्त पैसे ज्या गुणासाठी मोजले, तोच झाकला जातो. शिवाय वृत्तवाहिनीची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी, पूर्ण तेजावर राहिली, तर तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. दिवसा पाहिल्या जाणाऱ्या उजेडाच्या बैठकीसाठी मिनी एलईडी किंवा चांगल्या तेजाचा साधा एलईडी संच अधिक व्यवहार्य आहे. ‘क्यूएलईडी’ या नावाने भारावून जाऊ नये. त्यातील विशेष थर रंग सुधारतो, पण तेजाची हमी त्या नावात नाही. तेजाचा आकडा वेगळा विचारावा.

पडद्याचा पृष्ठभागही पाहावा. चकचकीत पडदा रंग खुलवतो, पण खिडकीची स्पष्ट आकृती दाखवतो. मॅट पडदा ती आकृती विखरून टाकतो. त्या बदल्यात काळा रंग किंचित राखाडी दिसतो. परावर्तन कमी करणारा लेप असलेला पडदा या दोन्हींतला चांगला मार्ग आहे. एकत्र कुटुंबात मंडळी खोलीभर पसरून बसतात, तेव्हा कडेने पाहिल्यावरही रंग न उतरणारा ‘आयपीएस’ पडदा सोयीचा. त्याचा काळा रंग थोडा फिका असतो, पण उजेडात तो फरक फारसा जाणवत नाही.

दुकानात सर्व संच ‘व्हिव्हिड’ या भडक रचनेवर आणि खास बनवलेल्या चित्रफितीवर चालू असतात. विक्रेत्याला ‘स्टँडर्ड’ रचना लावून साधी वृत्तवाहिनी दाखवण्याची विनंती करावी. नंतर टीव्ही बंद करून मोबाइलचा दिवा पडद्यासमोर धरावा. कोणता पडदा दिव्याची ठिणगी लख्ख दाखवतो आणि कोणता ती मंद करतो, हे क्षणात कळते.

आकार आणि अंतर

५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, तर ६५ इंचीची सुमारे १४४ सेंटिमीटर असते. ‘फोर के’ संचासाठी कर्णाच्या सव्वा ते दीडपट अंतर सुखकर मानता येईल. म्हणजे ५५ इंचीसाठी सुमारे ६ ते ७ फूट आणि ६५ इंचीसाठी सुमारे ७ ते ८ फूट. त्या मापाची वर्तमानपत्रे जोडून भिंतीवर चिकटवावीत व दोन दिवस राहू द्यावीत. भिंत जुन्या मातीची असेल, तर खिळ्यांवर भरवसा न ठेवता पायांचा स्टँड घ्यावा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ असावा.

पैशाची बाजू

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दांवर थोडे थांबावे. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. ६०,००० रुपयांचा संच रोखीने ५६,००० रुपयांत मिळत असेल आणि हप्त्याने दरमहा ५,००० रुपये वर्षभर भरायचे असतील, तर त्यात वार्षिक सुमारे १३ टक्के व्याज दडलेले आहे. प्रक्रिया शुल्क त्यावर वेगळे. रोखीचा भाव विचारल्याशिवाय हप्त्याचा कागद पुढे घेऊ नये.

दुसरी गोष्ट व्यापारी घरांपुरती. घरच्या बैठकीतील टीव्हीचे बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर करून कराची वजावट घेण्याचा मोह होतो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर अशी वजावट कायद्याने मिळत नाही. कलम १७(५) त्याबाबत स्पष्ट आहे. काही हजारांच्या लाभासाठी पुढे व्याज, दंड आणि नोटिशीचे उत्तर देत बसणे परवडत नाही.

तिसरी गोष्ट सेवेची. बिघाड झाल्यास तंत्रज्ञ उमरखेडहून येणार, यवतमाळहून की नांदेडहून, आणि पडद्यावर हमी किती वर्षांची, हे बिलासोबत लेखी घ्यावे. संच घरी पोचल्यावर खोके उघडतानाच पडदा तपासावा. तक्रार दाद न मिळता राहिली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विजेचा दाब वरखाली होत असल्यास चांगला स्टॅबिलायझर बसवावा आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग व केबल दोन्ही काढून ठेवावेत. पडद्यावर थेट ऊन पडू देऊ नये. तेजाची रचना वाढवली की विजेचा खपही वाढतो, म्हणून ऊर्जा तारांकनाचे लेबल पाहून घ्यावे.

उजेड कोणाचा

इतके करूनही एक प्रश्न दुकानात सुटत नाही. टीव्ही नीट दिसावा म्हणून दिवसभर जाड पडदे ओढून बैठक अंधारी केली, तर खिडकीशेजारी वाचणाऱ्या आजी-आजोबांचे काय? वाढत्या वयात डोळ्यांना वाचनासाठी तरुणांपेक्षा अधिक उजेड लागतो. मोतीबिंदू होऊ लागला असेल, तर डोळ्यातील धूसर भिंगावर प्रकाश विखुरतो आणि समोरून येणारी झळ असह्य होते. म्हणजे त्यांना उजेड भरपूर हवा, पण तो पाठीमागून, खांद्यावरून पुस्तकावर पडणारा. अंधार हा त्यांच्यावरचा उपाय नव्हे.

म्हणून जागा ठरवताना प्रथम वडीलधाऱ्यांची खुर्ची खिडकीपाशी निश्चित करावी, मग टीव्हीची भिंत. पडदे दुहेरी असावेत: एक पातळ, दिवसभर राहणारा आणि दुसरा जाड, केवळ सायंकाळच्या तासा-दोन तासांसाठी. घरातील सर्वांनी एकदा सायंकाळी पाच वाजता त्या खोलीत बसून पाहावे आणि कोणाला काय दिसते, काय टोचते, हे एकमेकांना विचारावे. आई-वडिलांना स्वतःहून तक्रार करण्याची सवय नसते, त्यांना मुद्दाम विचारावे लागते. त्यांच्या उत्तरानंतर कदाचित ६५ इंचांऐवजी ५५ इंची संच पुरेसा ठरेल आणि उरलेल्या पैशांत चांगले पडदे व वाचनाचा एक दिवा सहज येईल.