सुंभ, पीळ आणि केस

गेल्या लग्नसराईत भाचीने विचारले, "मावशी, त्या दिवसापुरती नुसती इस्त्री फिरवून घेऊ, की रिबाँडिंगच करून टाकू?" पार्लरमध्ये तिला दोन्हींचे दर कळले होते, फरक कोणी सांगितला नव्हता. मी रसायनशास्त्र शिकलेली नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेले. त्या वाचनातून जे उमगले ते असे.

सुरुवात लोकरीपासून करू. जुना स्वेटर उसवला की लोकर नागमोडी निघते. आमच्या घरी तिची लडी ओली करून, खाली वजन बांधून वाळत घालत. लोकर सरळ होई. लोकर आणि केस दोन्ही केराटिन या प्रथिनाचे. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना जोडणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. हायड्रोजनचे बंध कच्च्या टाक्यासारखे: पाण्याने, उष्णतेने सुटतात आणि वाळताना, थंड होताना पुन्हा बसतात. गंधकाचे बंध पक्क्या शिवणीसारखे. ते नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. केसाचे वळण ठरते ते त्वचेखालच्या मुळाशी, आणि ते टिकते या पक्क्या शिवणीमुळे. इस्त्री कच्चा टाका उसवते, रसायन पक्की शिवण उसवते. निवडीचा सारा प्रश्न इथे आहे.

उष्णतेची वाट जुनी. पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातोने १८७२च्या सुमारास तापवलेल्या चिमट्याने केसांना लाटा द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांत धातूची फणी विस्तवावर तापवून केसांतून फिरवत. त्या फणीचा शोध मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांनी लावला असे पुष्कळदा छापले जाते. ते खरे नाही. फणी आधीपासून होती. वॉकरबाईंनी आपल्या विक्रेत्या स्त्रियांच्या जाळ्यातून ती घरोघरी रुळवली. या वाटेची मर्यादा आपल्याकडची म्हणच सांगते: सुंभ जळतो, पण पीळ जात नाही. घाम आला, पावसाळी हवा लागली की ओलावा केसात शिरतो, कच्चे टाके सुटतात आणि बटा पुन्हा वळतात. धोका आहे तो तापमानाचा. कोरड्या केसातले केराटिन साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास कोलमडते, ओल्या केसातले १५०च्या सुमारासच. शिवाय ओल्या केसावर इस्त्री टेकवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि केस तिथे तुटतो. तेवढ्या केसाचे नुकसान भरून येत नाही. मुळातून येणारा नवा केस मात्र शाबूत असतो.

रसायनाच्या वाटेवरची एक गोष्ट पुन्हा लोकरीचीच. गॅरेट मॉर्गन हा अमेरिकन संशोधक शिवणयंत्राच्या सुईसाठी एक द्राव बनवत होता. तो पुसलेल्या लोकरी फडक्याचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले, असे सांगतात. १९१३ मध्ये त्याने केस सरळ करणाऱ्या मलमाची कंपनी काढली. त्या काळात घरगुती उपाय होता कॉस्टिक सोडा. माल्कम एक्सच्या १९६५च्या आत्मचरित्रात बटाटे, अंडी आणि कॉस्टिक यांच्या लगद्याने टाळू कशी पेटली याचे वर्णन आहे. त्या यातनेकडे तो पुढे स्वतःच्या मानहानीची पहिली पायरी म्हणून पाहतो.

आज कॉस्टिकच्या जातीची रसायने आणि थायोग्लायकोलेट अशी दोन कुळे आहेत. पहिल्याचा सामू १२ ते १४. ते गंधकाच्या जोडीतला एक अणू काढूनच टाकते. तो बंध पूर्ववत होत नाही. थायोग्लायकोलेट शिवण उसवते, मग केस इस्त्रीने सरळ करून हायड्रोजन पेरॉक्साइडने ती नव्या जागी घालतात. आपल्याकडचे रिबाँडिंग ते हेच, म्हणजे त्यातही इस्त्री आलीच. एका कुळावर दुसरे चढवले तर केस तुटून हातात येतात. आणि मुळाशी केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर कुरळाच उगवत राहतो, म्हणून ही वाट एका फेरीत संपत नाही.

तिसरे नाव 'केराटिन ट्रीटमेंट'. नावावरून केसाला खुराक मिळतो असे वाटते. पण अशा अनेक औषधांतून निघतो फॉर्माल्डिहाइड, म्हणजे प्रयोगशाळेतल्या फॉर्मलीनमधला वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणारा ठरवले. २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाने पार्लरमध्ये काम करणाऱ्यांसाठी इशारा काढला. ग्राहक तिथे तासभर बसते, काम करणारी मुलगी दिवसभर ती वाफ घेते. पुढे त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक आम्ल आले. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली: २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये केस सरळ केल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती.

२०२२चा अमेरिकेतला अभ्यास ३३ हजारांहून अधिक स्त्रियांचा. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाज १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे. पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

आणि ही निवड नेहमी मोकळी नसते. नैसर्गिक केसांमुळे नोकरीत वा शाळेत डावलले जाऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये कायदा करावा लागला.

भाचीला मी एवढेच म्हटले, "कायमचे करायचे असेल तर आधी बाटली बघायला माग. डोक्यावर पूर्वी काय लावलेय ते सांग, आणि आज काय लावणार ते विचार." तिने मागितली. औषध बिनलेबलाच्या डब्यात काढून ठेवलेले होते. तिने केस कोरडे करून इस्त्री फिरवून घेतली. मांडवातल्या उकाड्यात दुपारपर्यंत कपाळावरच्या बटा पुन्हा वळल्या. फोटोत त्या तशाच आल्या आहेत.