गाडीच्या मीटरवर दिवा लागला, आता काय करायचं?

आजचा एपिसोड गाडी चालवता चालवता ऐकू नका. गाडी स्टँडला लावा, चावी हातात घ्या आणि मग ऐका. ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी एपिसोड.

गेल्या आठवड्यात अमळनेरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. हा भाऊ रोज गाडीवर पारोळ्याला कामाला जातो. सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट वाजायचं. कुणीतरी सांगितलं, बॅटरी गेली. यानं दीड हजाराची नवी बॅटरी टाकली. आठ दिवसांत पुन्हा तेच, आणि वर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. "काय भो, नवी बॅटरी पण खराब निघाली का?" असं त्यानं विचारलं.

बॅटरी चांगली होती. तिला चार्जिंगच मिळत नव्हतं, कारण रेक्टिफायर गेला होता. हे मल्टीमीटर लावल्यावर दोन मिनिटांत कळलं. पण तोवर दीड हजार गेले होते आणि कामाचे दोन खाडे पडले होते. म्हणून आज एकच गोष्ट लक्षात ठेवायची: आधी मोजायचं, मग पार्ट बदलायचा.

दिव्याचा रंग काय सांगतो?

हिरवा म्हणजे न्यूट्रल किंवा इंडिकेटर, निळा म्हणजे हेडलाइट अपरला आहे. यात काळजी करण्यासारखं काही नाही.

लाल दिसला की थांबायचं. काही गाड्यांना ऑइलचा लाल दिवा असतो. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "घर दोन किलोमीटरच आहे" म्हणून तशीच दामटलीत, तर इंजिन जाम होऊ शकतं. कूलंटवाल्या गाडीत तापमानाचा लाल दिवा लागला तरी तेच. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

पिवळा म्हणजे जपून चालवा आणि लवकर दाखवा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. त्यात सेन्सर आणि ईसीयू असतो, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर. एखाद्या सर्किटमध्ये बिघाड दिसला की तो कोड साठवतो आणि पिवळा दिवा लावतो. तो कोड स्कॅनरवर वाचता येतो. पण कोड बिघाड कोणत्या भागात आहे एवढंच सांगतो. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. त्याची वायर उंदरानं कुरतडलेली असू शकते, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं.

एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. विझलाच नाही, तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. पावसाळ्यात शेतातून गाडी आणली असेल, तर आधी चाकाजवळच्या सेन्सरवर आपली काळी माती चिकटली आहे का ते बघा. पुष्कळदा तेवढं धुऊन काम भागतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी: चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा क्षणभर तरी लागलाच पाहिजे. लागतच नसेल तर दिवा गेलाय, किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय. अशी गाडी तपासल्याशिवाय घेऊ नका.

आता मोजूया

पहिली पायरी फुकट आहे. किल स्विच बघा, साइड स्टँड वर घ्या. बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअरमध्ये चालूच होत नाहीत.

दुसरी पायरी टर्मिनल. बॅटरीच्या नट हातानं हलतात का? पांढरी-हिरवी बुरशी आहे का? टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी. उलटं केलंत आणि पाना चेसिसला टेकला, तर ठिणगी उडते.

तिसरी पायरी मल्टीमीटर, डीसी व्होल्टवर ठेवून. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी ठीक. बाराच्या खाली आला तर ती उतरलेली आहे. आता गाडी चालू करून थोडी रेस द्या. साडेतेरा ते साडेचौदा दिसलं तर चार्जिंग होतंय. आकडा बारावरच अडकला, तर गडबड रेक्टिफायर, स्टेटर किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये. पंधराच्या वर गेला, तर रेक्टिफायर व्होल्टेज आवरत नाहीये. तो बॅटरी आणि बल्ब दोन्ही खाईल.

या तीन गोष्टी करू नका

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तांब्याची तार किंवा चांदी गुंडाळली, तर पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

इंजिन चालू असताना बॅटरी काढू नका. व्होल्टेज उसळतं आणि महागडा ईसीयू जाऊ शकतो.

जादा हॉर्न आणि एलईडी लावताना मूळ वायर सोलून जोड देऊ नका. रिले आणि वेगळा फ्यूज घ्या. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच असतो. त्यात आणखी भार टाकला, तर चार्जिंग कमी पडतं.

गॅरेजला जाल तेव्हा "दिवा लागलाय" एवढंच सांगू नका. कोणता दिवा, कधी लागला, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, आणि व्होल्ट किती आले ते सांगा. मीटरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

तुमच्या गाडीवर कोणता दिवा त्रास देतोय? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोवर गाडी जपून चालवा. भेटू!