क्षयरोग आणि आपला नेहमीचा डॉक्टर

दोन आठवडे खोकला हटला नाही तरी आपल्या घरातील माणूस सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. रांगेत दिवसाचा रोज बुडतो, आणि त्याहून मोठी धास्ती अशी की ओळखीचे कोणी पाहील व मुलीच्या सोयरिकीत विघ्न येईल. तो जातो गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे. ह्या डॉक्टरास वगळून केलेली क्षयनिवारणाची योजना म्हणूनच अर्धी राहते.

वगळल्याने काय होते ते मुंबईत दिसले. तेथील झोपडपट्ट्यांतील १०० खाजगी डॉक्टरांस क्षयावर कोणती औषधे देता असे विचारले, तेव्हा ८० निरनिराळे उपचारक्रम पुढे आले. ही पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. साध्या क्षयास नेमकी औषधे सहा महिने घ्यावी लागतात. पण दीड-दोन महिन्यांतच ताप उतरतो, अंगावर मांस चढते, आणि पदरचे पैसे संपत आलेला रोगी औषध सोडतो. उरलेले जंतू मग औषधास दाद देईनासे होतात, आणि तोच हट्टी रोग घरातल्या मुलाबाळांस लागू शकतो.

आपल्या हैदराबादेत ह्यावर एक वाट निघाली. मासब टँक येथील महावीर रुग्णालय धर्मादाय न्यासाचे. १९९५ पासून ते सरकार आणि खाजगी डॉक्टर यांच्यामधला दुवा झाले. डॉक्टर संशयित रोग्यास थुंकीच्या तपासणीसाठी तेथे पाठवीत. औषधे सरकारची, विनामूल्य. ती वस्तीजवळच्या केंद्रात कोणाच्या तरी देखत घ्यावयाची. १९९८ मध्ये हे काम पाच लाख वस्तीपर्यंत वाढले. रोग्याची प्रगती मूळ डॉक्टरास कळविली जाई, हा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपला रोगी पळविला असे वाटल्यावर कोणता डॉक्टर दुसऱ्यांदा चिठ्ठी लिहील?

मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची सरकारकडे नोंद करणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले. २०२३ मध्ये देशात नोंदलेल्या सुमारे साडेपंचवीस लाख रोग्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश खाजगी दवाखान्यांतून कळविलेले होते. नोंद म्हणजे नाव चव्हाट्यावर मांडणे नव्हे. तिच्या आधारेच घरातील इतरांची तपासणी होते आणि रोग्यास पोषणासाठी सरकारी मदत मिळते. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये आहे. आपल्याच डॉक्टरकडे राहूनही सरकारी औषधे विनामूल्य मिळू शकतात. तेव्हा थुंकी तपासली का, नोंद केली का, हे डॉक्टरांस विचारण्यात संकोच नसावा.